हात खाली

शहादेव गायसमुद्रे यांना मी किती ओळखत होतो असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर फार थोडं, हेच आहे. वर्षानुवर्षं ते माझ्या दुकानात बसले. मी शिवत असायचो, ते समोरच्या पत्र्याच्या पेटीवर असायचे, चहा यायचा, कप परत जायचे. एवढं बसल्यावर माणूस आपोआप कळतो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, हे ते गेल्यावर समजलं.

हे लिहायला मला त्यांच्या मुलीनं, यशोधरानं लावलं. ती अंबाजोगाईला नर्स आहे. म्हणाली, "चाचा, बाबांजवळ तुमच्याइतकं कुणीच बसलं न्हाई. चार पानं लिहा." मी म्हणालो, बेटी, आयुष्यभर मी ताडपत्रीवर खडूनं मापं लिहिली, दुसरं काही लिहिलं नाही. ती म्हणाली, "मग खडूनं लिहा." अशी बोलकी आहे. बापावर गेलेली नाही.

तेलगावच्या चौकाजवळ माझं, म्हणजे फकीरभाईचं, दुकान आहे. उसाच्या ट्रकच्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरच्या सीटा, बैलगाडीवरची आच्छादनं, असं जाड कापडाचं सगळं शिवतो. एके दिवशी उंच, ताठ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला माणूस हातात एक रुंद पट्टा घेऊन आला. मोठ्या शून्यासारखं वेटोळं, वर दोन लोखंडी कड्या. एका ठिकाणची शिवण उसवली होती.

"हे शिवून द्या. असं." त्यांनी माझा खडू घेऊन माझ्याच टेबलावर चौकोन काढला आणि त्यात फुली मारली. "चौकोन आन मधी फुली. नुसती सरळ शिवण चालत न्हाई."

मी शिवलं. त्यांनी पट्टा दारातल्या गर्डरला अडकवला, त्यात स्वतः लटकले, दोन हिसके दिले आणि उतरले. "बरं हाय," म्हणाले. मला वाटलं, कसला माणूस आहे हा. पुढं कळलं की ते एअरफोर्समधून निवृत्त होऊन गावी आलेत, आणि हेलिकॉप्टरच्या दारात पालथं पडून पुरातल्या माणसांना दोरानं वर ओढायचं काम त्यांनी केलंय. गावात सगळे त्यांना फौजी म्हणायचे. सुरुवातीला ते "फौज न्हाई, एअरफोर्स" असं दुरुस्त करायचे. मग कंटाळून सोडून दिलं.

एक गोष्ट मला आत्ताच सांगायला हवी. वाचणाऱ्याला कोड्यात ठेवून लिहिणं मला जमणार नाही. ही गोष्ट मला त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी, ते गेल्यावर सांगितली. ती माहीत नसेल तर पुढचं काहीच समजणार नाही. मला तरी कुठं समजलं होतं.

नोकरीच्या काळात ते पूर्वेकडच्या एका मोठ्या नदीच्या पुरावर गेले होते. शाळेच्या गच्चीवर माणसं अडकली होती. त्या वेळी वरून नुसता पट्टा खाली सोडायचे. खालच्या माणसानं तो डोक्यावरून घालायचा, काखेखाली घ्यायचा आणि दोन्ही हात अंगाशी घट्ट ठेवायचे. हात खाली असले तोवर पट्टा काखेत धरून राहतो. हात वर गेले की माणूस त्यातून खाली गळतो, पिशवीतून भाजी गळावी तसा. एक म्हातारी वर आली. शहादेव दारात पालथे, हात लांब केलेला. ती अगदी दाराशी पोचली. तिला समोर दिसला तिला वाचवणारा माणूस. तिनं त्यांचा हात धरला नाही. तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि जोडले.

नमस्कार केला तिनं त्यांना.

चौकशी झाली. ठपका कोणावरच आला नाही. दुसऱ्या दिवशी ते परत त्याच दारात पालथे पडले आणि उरलेली माणसं वर घेतली. पण त्या दिवसापासून समोर कोणी हात जोडलेले त्यांना बघवायचे नाहीत.

आम्ही बाहेरून बघायचो ते वेगळंच. कोणी नमस्कार केला की शहादेव पुढं होऊन त्याची दोन्ही मनगटं धरायचे आणि खाली दाबायचे. जोरात. आणि म्हणायचे, "हात खाली." जयभीमाला जयभीम म्हणायचे, पण हात पाठीमागं. चौकात त्यांचं नाव 'हातखाली फौजी' पडलं. शेजारच्या हॉटेलवाल्या सुंदररावाला तर विषयच मिळाला. तो मुद्दाम भट्टीमागून ओरडायचा, "फौजी, लांबून करतो बरं का नमस्कार! हितवर हात पोचतेत का तुमचे?"

"च्या टाक बे," एवढंच शहादेव म्हणायचे.

"नमस्काराला टॅक्स लागतो का तुमच्या एअरफोर्सात?"

"तुझ्या च्याला लागाया पायजे. पाणी विकतोस."

आम्ही हसायचो. मीही हसायचो.

तो पट्टा त्यांनी विहिरींसाठी ठेवला होता. आमच्याकडं विहिरी खोल. मोटार अडकली, गाळ काढायचा झाला, की माणूस दोर धरून उतरतो आणि कधीकधी वर यायची ताकद राहत नाही. अशा वेळी शहादेवना बोलावणं यायचं. एकदा उत्तरेश्वर नावाचा गडी खालच्या वासानं गरगरला. याच पट्ट्यात त्याला वर घेतलं. पट्ट्याची शिवण माझी म्हणून मी बघायला गेलो होतो. उत्तरेश्वरचं डोकं काठाच्या वर आलं, डोळे पाण्यानं भरलेले, आणि त्यानं हात जोडायला सुरुवात केली. शहादेवनी काठावर आडवं पडून त्याची मनगटं अशी पकडली की गडी कळवळला. बाहेर काढून वर एक चापट दिली. "सांगितलं न्हाई का तुला? हात खाली! मरायचं का?" जमलेले लोक हसले. जीव वाचवून वर चापट देणारा पहिलाच देव बघितला, असं कोणीतरी म्हणालं.

विहारात दर रविवारी वंदना असते. वंदना सुरू झाली की सगळ्यांचे हात जोडलेले. शहादेव तेवढ्यात उठून बाहेरच्या पायरीवर यायचे आणि लोकांच्या चपला जोडीनं सरळ लावत बसायचे. काहींना वाटायचं, लई मोठी सेवा. काहींना वाटायचं, गर्व आहे. दोन्ही चुकीचं होतं.

सगळ्यात वाईट झालं ते यशोधराच्या सोयरिकीत. घाटनांदूरचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर समजूतदार. पाहुण्यांत मुलाची आजी होती. चहा झाला, निघताना ती म्हातारी उंबऱ्याशी थांबली, "येतो मग," म्हणाली आणि दोन्ही हात वर करून जोडले. शहादेवनी दोन पावलांत जाऊन तिची मनगटं धरून खाली दाबली. तिच्या हातातली काचेची बांगडी फुटली. पाहुणे तसेच गाडीत बसले. निरोप दुसऱ्याच दिवशी आला.

त्या दिवशी जाईबाईंनी त्यांना धरलं. "पोरीचं मोडलंत. आता सांगा, कावून करता असं?" तेव्हा त्यांनी उभ्या उभ्या ती गोष्ट सांगितली, एकदाच. वर बजावलं की पोरीला सांगायची नाही. तिनं बापाला माफ केलं तर ते आपल्याला सहन होणार नाही, असं म्हणाले म्हणे. आता ती ते या पानांतच वाचेल. यशोधराचं पुढं दुसरीकडं चांगलं झालं. पण बापलेकीत एक गार अंतर पडलं ते राहिलंच.

मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याशी ते बोलायचे ते यंत्रांबद्दल. आपण बैलांबद्दल बोलतो तसं. पहिल्यांदा ते चेतक हेलिकॉप्टरवर होते. "चेतक म्हणजे शेळी. कुठंबी चढती, चार खुरांवर हुबी ऱ्हाती. पर पोट लहान." मग एमआय-आठ आलं. "ती म्हस. आख्खं गाव पोटात घ्या, तक्रार न्हाई." शेवटी एमआय-सतरा, तीही म्हैसच, पण डोंगरावर चढणारी. चेतक इतकी जुनी असूनही अजून चालू आहे याचं त्यांना नवल वाटायचं. "मी पेन्शनीत आलो, ती न्हाई आली." एमआय-आठ सेवेतून काढली त्याची चित्रफीत यशोधरानं फोनवर पाठवली होती. ती त्यांनी माझ्या पेटीवर बसून बघितली. हेलिकॉप्टरचा पंखा थांबेपर्यंत बघितली. फोन बंद करून म्हणाले, "दार मात्र दाखवलं न्हाई."

मी म्हणालो, "फौजी, त्या दारातून किती माणसं वर घेतली असतील तुम्ही?"

"मोजायचं काम माझं नव्हतं."

मी पुढं विचारलं नाही. माझा स्वभावच तसा. समोरच्यानं दार लोटलं की मी कडी वाजवत नाही. लोक याला चांगुलपणा समजतात.

पट्ट्याचं त्यांचं एक वेड होतं. दर उन्हाळ्यात, उसाचा हंगाम संपून माझं काम कमी झालं, की ते नवीन काहीतरी काढायचे. मांडीखालून एक जास्तीचा पट्टा घ्या. छातीवर बक्कल लावा. पाठीमागून आडवी पट्टी टाका. मी शिवायचो आणि मग चाचणीला सुंदररावाला गर्डरला लटकवायचे, कारण वजन त्याचंच.

"हात वर कर," शहादेव म्हणायचे.

"आज वर करायला सांगतेत! सूर्य कुठून उगवला?" असं म्हणत सुंदरराव हात वर करायचा आणि धपकन खाली माझ्या ताडपत्र्यांच्या ढिगावर पडायचा. चौकातली माणसं जमायची. एका उन्हाळ्यात मात्र तो पडला नाही. हात वर करून, टाळ्या वाजवून, नाचून दाखवलं, तरी पट्ट्यानं सोडलं नाही. शहादेव बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. "उतरवा की आता, भट्टीवर दूध हाय माझं!" सुंदरराव ओरडला तेव्हा भानावर आले.

मी म्हणालो, "हा पाठवून द्या तुमच्या एअरफोर्सला. कामाला येईल."

"कावून बनवला ते आधी सांगावं लागंल," ते म्हणाले आणि पट्टा माझ्या दुकानातल्या खिळ्याला अडकवून गेले. तो तिथंच राहिला. त्यावर धूळ बसली. त्या वाक्याचा अर्थ मी लावला नाही. वाटलं, सरकारी पत्रव्यवहाराचा कंटाळा असेल.

गेल्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात जे पाणी आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. सिंदफणेच्या काठी शहादेवच्या थोरल्या बहिणीचं गाव. चंद्रभागाबाई तिचं नाव. आई लवकर गेली, तेव्हा याच बहिणीनं त्यांना वाढवलं होतं. सकाळी निरोप आला की गावाला पाण्याचा वेढा पडलाय, आक्का आणि तिची सून ऋतुजा शाळेच्या गच्चीवर आहेत, आणि हेलिकॉप्टर येणार आहे.

हेलिकॉप्टर येणार म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. शहादेवचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांनी खिळ्यावरचा पट्टा उचलला. सुंदररावानं हॉटेल तसंच सोडून जीप काढली. मी का बसलो माहीत नाही. बहुतेक पट्टा मी शिवला होता म्हणून.

रस्ता जिथं पाण्यात गेला तिथं थांबलो. पलीकडं, बऱ्याच लांब, शाळेची गच्ची आणि तिच्यावर माणसांचे ठिपके. मधे तांबडं पाणी, कापसाची बोंडं, एक खाट वाहत चाललेली. पट्टा तिथं पोचवायची काही सोय नव्हती. शहादेवनी ऋतुजाला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून आम्हालाही ऐकू येत होतं.

"ऋतुजा, आक्काचे हात बांध."

"काय, मामा?"

"पदरानं बांध. अंगाबरोबर. वर जायच्या आधी. घट्ट."

मागून म्हातारीचा आवाज आला, "काय म्हणतोय शादू?"

"हात बांधा म्हणतेत तुमचे."

"हात बांधून न्यायला म्या काय चोरी केलीय का? म्या त्याला पाठीशी बांधून कापूस येचलाय म्हणावं. आला मोठा हात बांधणारा!"

"आक्का, ऐक माझं, पाया पडतो तुझ्या..."

"मग हितं यिऊन पड की!"

गच्चीवरची माणसं हसलेली ऐकू आली. इकडं सुंदररावही हसला. मग त्यानं शहादेवकडं बघितलं आणि हसू आवरलं. तेवढ्यात वरून घरघर सुरू झाली आणि फोनमधलं काहीच कळेना.

शहादेवनी मान वर करून आवाज ऐकला. "नवं हाय. आपल्यातलं न्हाई."

हेलिकॉप्टर गच्चीवर येऊन थांबलं. दार उघडलं. दोर खाली यायला लागला आणि त्याबरोबर एक जवान लोंबकळत खाली उतरला. शहादेव म्हणाले, "माणूस उतरतोय." परत म्हणाले, "माणूस उतरतोय, फकीरभाई." मला त्यात विशेष काय ते कळलं नाही.

जवानानं म्हाताऱ्या बाईला पट्ट्यात घेतलं, स्वतःच्या पुढ्यात घेतलं, दोन्ही हातांनी तिला कवळा घातला, आणि दोघं एकत्र वर जायला लागली. आक्काचं हिरवं लुगडं लांबूनही ओळखू येत होतं. दाराजवळ पोचली. आतून एक हात बाहेर आला. आणि आक्कानं दोन्ही हात सोडवून डोक्याच्या वर नेले आणि त्या हाताला नमस्कार केला.

"हात खाली!"

असा आवाज मी कोणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. पाण्यावरून तो कुठंही पोचणार नव्हता. काठावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. शहादेव चिखलात बसले होते, पट्टा पोटाशी धरून, डोळे मिटलेले.

"फौजी," मी म्हणालो, "घेतलं आत. आक्का आत गेली."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "हात वर केले का तिनं?"

"केले."

"मग?"

"मग काही नाही. आत घेतलं."

ते बराच वेळ उठले नाहीत.

संध्याकाळी दुसऱ्या गावातल्या शाळेत, जिथं सगळ्यांना आणून ठेवलं होतं, तिथं आम्ही गेलो. आक्का सतरंजीवर बसून बिस्किट खात होती. भावाला बघून तिनं तोंड फिरवलं. मग राहवेना, त्यांचा कान धरला. "माझे हात बांधत होतास? त्या लेकरानं मला आईसारखं धरलं. मी म्हणलं, ह्या लेकराच्या पाया कशी पडू आभाळात? मग असे जोडले," आणि तिनं ते पुन्हा करून दाखवलं, दोन्ही हात डोक्याच्या वर.

शहादेवचे हात पुढं आले. तिच्या मनगटांपर्यंत आले. आणि तिथंच थांबले. मग म्हणाले, "असेच का?"

"असेच."

"बरं केलंस, आक्का."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते एकच वाक्य बोलले. "फकीरभाई, आता माणूस उतरतो खाली. धरून आणतो."

"हां," मी म्हणालो. "सुधारणा झाल्या."

माझ्या एवढ्या आयुष्यात हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा आठवलं असेल. सुधारणा झाल्या. त्या वेळी मी फक्त विचारायला हवं होतं, की आधी कसं होतं. कदाचित त्यांनी सांगितलं असतं. अंधार पडत होता, सुंदरराव पुढं बघून चालवत होता, सांगायला सोपं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलंही होतं. मी काचेवरचा चिखल पुसत बसलो.

हिवाळ्यात, सकाळी दाढी करताना, ते बसल्या जागी गेले.

जाईबाईंना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. पुरानंतर एका रविवारी ते विहारात आतच बसून राहिले, चपलांकडं गेले नाहीत. मी विचारलं, "हात जोडले का?" त्या म्हणाल्या, "जोडले न्हाईत. पर लोकांचे बघत बसले."

मग मी, मूर्खासारखं, म्हणालो की माझ्याकडं ते इतकी वर्षं आले, एकदा तरी मला सांगायचं होतं. जाईबाई म्हणाल्या, "तुमच्याकडंच जायचे ना भाऊ ते. म्हणायचे, फकीरभाईच्या दुकानात कुणी हात जोडीत न्हाई."

खरं आहे. आमचा सलाम एका हाताचा. आणि माझ्याकडं येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही हातांत ताडपत्री असते. रामराम तोंडानंच घालतात. मला वाटायचं त्यांना माझा चहा आवडतो, माझं बोलणं आवडतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नंतर विचार केला, की निदान बसायला एक जागा होती त्यांना. ती मी मुद्दाम दिलेली नव्हती, एवढंच.

आमचं शेवटचं बोलणं ते गेले त्याच्या आदल्या दुपारी झालं. पेटीवरून उठले, पुरानंतर परत खिळ्यावर गेलेला पट्टा काढून माझ्यासमोर ठेवला.

"हे उसवून टाका. पट्टा चांगला हाय, एखाद्या ट्रकवाल्याच्या कामाला यील."

"इतका मजबूत शिवलाय. लगेच नाही व्हायचं."

"घाई कुठं हाय. ब्लेडनं उसवा मात्र. कैचीनं पट्टा कापतो."

"मला सांगताय?" मी म्हणालो.

ते हसले. "बरं, न्हाई सांगत."